तीन नंबरच्या खोलीतली हवा

तीन नंबरच्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येते, असं शलाका मगदूम येणाऱ्या पाहुण्यांना सांगायची आणि मग खरोखरच टाचणी पाडून दाखवायची. त्यासाठी टेबलाच्या खणात तिने टाचण्यांची डबीच ठेवली होती. मिरजेसारख्या गावात, तेही दवाखान्यांच्या रस्त्यावर, जिथे अँब्युलन्स, लग्नाची वरात आणि वडाप जीपवाल्यांचा ओरडा एकाच वेळी चालू असतो, तिथे अशी शांतता मिळवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. भिंतींना प्लायवूड, प्लायवूडवर जाड फोम, फोमवर करड्या रंगाचं कापड. खिडकीला दुहेरी काच, आणि काचेच्या कडा सिलिकॉनने भरून कायमच्या बंद. दाराच्या चौकटीला रबराची पट्टी, जमिनीवर गालिचा. सगळं तिनेच सुचवलं होतं, तिनेच उभं राहून करून घेतलं होतं, आणि कामाच्या कागदावर सहीही तिचीच होती.

एवढा खटाटोप कशासाठी, तर म्हाताऱ्या माणसांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. २०३४ सालच्या कायद्याने बहात्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला दर तीन वर्षांनी क्षमता दाखला घ्यावा लागे. तीस गुणांची परीक्षा. पाच शब्द लक्षात ठेवायचे, शंभरातून सात-सात वजा करत जायचं, एखाद्या कामाची आखणी क्रमाने सांगायची, असलं काहीतरी. बावीस किंवा जास्त गुण पडले तर माणूस आपल्या मनाचा मालक. बावीसच्या खाली आला की त्याला एक काळजीवाहक नेमून दिला जाई. मग त्याची एकट्याची सही चालत नसे, एकट्याने राहता येत नसे, व्यवसायाचा परवाना रद्द होई आणि औषधंसुद्धा कुलूपबंद पेटीत जात. किल्ली काळजीवाहकाकडे. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, आणि हेतू चांगला असला की माणसं पुढचं फारसं बघत नाहीत. एकटी राहणारी म्हातारी माणसं फसवली जात होती, चुकीच्या गोळ्या घेत होती, गॅस चालू ठेवून झोपत होती. कुणीतरी काहीतरी करायलाच हवं होतं.

शलाका अठ्ठेचाळीस वर्षांची होती, मानसशास्त्र शिकलेली, कामाला चोख. मिरजेच्या तपासणी केंद्रात ती पहिल्या दिवसापासून होती आणि तीन नंबरची खोली तिच्या ताब्यात होती. सकाळी तीन माणसं, दुपारी जेवणानंतर तीन. परगावाहून येणाऱ्यांना शक्यतो सकाळची वेळ मिळे आणि गावातल्यांना बहुतेक दुपारची. दुपारी तीनच्या सुमाराला तिचं डोकं धरायचं. बाहेर जाऊन चहा घेतला की उतरायचं. चहाने उतरतं, असं ती नऊ वर्षं समजत होती.

२०४३ च्या मार्चमध्ये अल्फिया शिकलगार केंद्रात आली. ही तिशीतली तंत्रज्ञ. शाळा, न्यायालयं, परीक्षांची केंद्रं, जिथे म्हणून माणसाच्या डोक्याची परीक्षा होते अशा प्रत्येक बंद खोलीत वायुलेखक बसवण्याचा सरकारी हुकूम निघाला होता, आणि मिरज तालुका तिच्याकडे होता. तीन नंबरच्या खोलीत तिने पाऊल टाकलं, नाक किंचित वर केलं आणि चारही भिंतींकडे बघत राहिली.

"मॅडम, ह्या खोलीत हवा कुठनं येते?"

"एसी आहे की," शलाका म्हणाली.

"एसी हवा आणत नाही, मॅडम. आत हाय तीच गार करून परत देतो. नवी हवा कुठनं येते?"

शलाकाने दाराकडे बघितलं. अल्फियानेही बघितलं. रबराची पट्टी तिने बोटाने दाबून पाहिली.

"काम लई भारी केलंय," ती म्हणाली. "मुंगीसुद्धा आत यायची नाही." मग तिने टेबलाच्या वर, भिंतीला ते काडेपेटीएवढं यंत्र चिकटवलं आणि पुढच्या खोलीकडे निघून गेली.

वायुलेखकाचं काम समजायला अवघड नव्हतं. माणूस तासाला अठरा-वीस लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. मोकळ्या हवेत हा वायू दहा लाख भागांत साडेचारशेच्या आसपास असतो. बंद खोलीत तिघं जण बसले की तो तासाभरात दोन हजारांवर जातो, आणि दार उघडलं नाही तर चढतच राहतो. त्यात प्लायवूडच्या डिंकातून, फोममधून आणि गालिच्यातून वर्षानुवर्षं झिरपणारी बारीक रसायनं मिसळतात. शाळेत आपण शिकतो की हा वायू फार झाला की माणूस गुदमरतो. पण गुदमरण्याच्या पुष्कळ आधी, छातीला अजून पत्ताही नसतो, तेव्हा डोक्याला तो लागलेला असतो. बोलणं-चालणं ठीक असतं. ओळखीची वाट माणूस बरोबर चालतो. अडतं ते नव्या गोष्टीची आखणी करताना, दोन-तीन गोष्टी एकदम मनात धरून ठेवताना, म्हणजे नेमकं परीक्षेत विचारतात तेच करताना. तरुण शरीर रक्ताचा तोल लवकर सावरून घेतं. म्हाताऱ्याला वेळ लागतो.

हे सगळं तुटक तुटक पुष्कळ वर्षांपासून माहीत होतं. नवी गोष्ट एवढीच होती की कुणाच्या डोक्यावर कुठल्या हवेत किती परिणाम होतो, याचं गणित आता बसलं होतं. वायुलेखक दर मिनिटाला हवा चाखायचा आणि समोरच्या माणसाचं वय कळवलं की एक आकडा दाखवायचा. त्या आकड्याला मनघट म्हणत. मनघट वीस म्हणजे ह्या खोलीत ह्या घडीला ह्या माणसाची विचारशक्ती शंभरातली ऐंशीच उरली आहे.

यंत्र बसवल्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी तीनला, बापूसो खोत आले. वय चौऱ्याहत्तर, बेडगचे, एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. बरोबर लेक. पाच शब्दांतले दोन त्यांना आठवले. वजाबाकी त्र्याण्णवच्या पुढे गेली नाही. मग शलाकाने आखणीचा प्रश्न विचारला. तोही सोपा करून, त्यांच्याच धंद्यातला.

"मिरजेहून जतला गाडी न्यायची. वाटेतली गावं क्रमाने सांगा."

"तानंग," बापूसो म्हणाले. "मग... भोसे. न्हाय. थांबा की बाई." त्यांनी कपाळ चोळलं. "आत्ता तोंडावर हुतं."

लेकीने मान खाली घातली. शलाकाने कागदावर खूण करायला पेन उचललं आणि सहज वर बघितलं. यंत्रावर तांबडा दिवा होता. हवा तीन हजार सहाशे चाळीस. मनघट चौतीस.

तिने पेन खाली ठेवलं. नियमात जे बसत नव्हतं ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा केलं. बापूसोंना आणि लेकीला घेऊन ती बाहेर आली, सायकल स्टँडजवळच्या कडुलिंबाखाली तिघं बाकावर बसली. अर्धा तास तिने शेतीच्या, नातवंडांच्या गप्पा मारल्या. मग दुसरी प्रश्नपत्रिका काढली. रस्त्यावर अँब्युलन्स बोंबलत होती, कुणाचा तरी डीजे चालला होता.

"आवाजाचा त्रास होत असेल तर सांगा," ती म्हणाली.

"आवाजाचं काय घिऊन बसलाय? एकतीस वर्षं इंजिनाशेजारी बसलोय," बापूसो म्हणाले आणि पाचच्या पाच शब्द त्यांनी सांगितले. जतची वाट विचारल्यावर तानंग, कळंबी, भोसे, शिरढोण, नागज असं धडाधडा सांगून वर कुठल्या फाट्यावर चहा चांगला मिळतो तेही सांगितलं. सव्वीस गुण. लेक रडायला लागली. शलाकाला मात्र आनंद झाला नाही, कारण ती शहाणी बाई होती आणि ह्या सव्वीस गुणांच्या मागे काय उभं आहे ते तिला तिथंच दिसलं.

त्या दिवशी पाच वाजता, बाकीचे घरी गेल्यावर, तिने नऊ वर्षांच्या नोंदी उघडल्या. सकाळी तपासलेल्यांपैकी शंभरात अकरा जण नापास होत होते. दुपारी तपासलेल्यांपैकी सव्वीस. हा फरक केंद्रात कुणाला माहीत नव्हता असं नाही. दरवर्षीच्या अहवालात तो दिसायचा, आणि दरवर्षी खाली एक ओळ लिहिली जायची की ज्येष्ठांना जेवणानंतर सुस्ती येते. ती ओळ शलाकाचीच होती. दुपारच्या सुट्टीत थंडावा जाऊ नये म्हणून खोलीचं दार बंद ठेवण्याची शिस्तही तिचीच. सकाळची तीन माणसं जी हवा टाकून जात, ती जेवणाच्या सुट्टीत तशीच आत राहायची आणि दुपारच्या माणसांना मिळायची.

मग तिने एक नाव शोधलं. शोधायची इच्छा नव्हती, पण हात थांबला नाही. पद्मावती मगदूम, वय पंच्याहत्तर. १४ फेब्रुवारी २०४१. वेळ दुपारी तीन दहा. गुण एकोणीस.

पद्मावतीबाई ही शलाकाची सासू. मिरजेत तिचं मगदूम मेडिकल नावाचं औषधाचं दुकान होतं आणि एकेचाळीस वर्षं ती त्याच्या गल्ल्यामागे उभी होती. नवरा तरुणपणी गेला, एकुलता मुलगा अभिनंदन त्या दुकानावरच शिकला. गावातल्या कुठल्याही डॉक्टरचं अक्षर तिला लागायचं. दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता एकाच पेशंटला दिलेल्या गोळ्या तिने कितीदा तरी हातात अडवून धरल्या होत्या आणि फोन करून डॉक्टरांना सुनावलं होतं. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि सुनेचं-मुलाचं घर एवढं जवळ असूनही येताना कधी न विचारता यायची नाही. २०३८ मध्ये पहिल्या तपासणीत तिला अठ्ठावीस गुण होते. ती तपासणी शाळेच्या पटांगणात भरलेल्या शिबिरात झाली होती.

दुसऱ्या वेळी नियमाप्रमाणे घरच्या माणसाची तपासणी शलाकाला करता येत नव्हती, म्हणून सरिता कोरे ही तिची सहकारी करणार होती. सकाळी साडेनऊची वेळ रिकामी होती. सरिता म्हणालीही, "मॅडम, काकूंना सकाळीच बोलवा की." पण शलाका म्हणाली, "नको. सासूला सकाळची वेळ दिली असं कुणी म्हणायला नको. गावातली माणसं दुपारी येतात, त्याही दुपारी येतील." आपण किती निःपक्षपाती वागलो याचं तिला तेव्हा बरं वाटलं होतं. लोकांनी शेवटी बोलायचं ते बोललंच. सुनेनं सासूला वेडी ठरवलं आणि दुकान बंद पाडलं, असं मार्केटात उघड बोललं गेलं.

नोंदीच्या खाली शेऱ्याची चौकट होती. सरिताने तिथे लिहिलं होतं: "तपासणीदरम्यान चार वेळा उठून खिडकी उघडण्याचा हट्ट. खिडकी कायमची बंद आहे हे सांगूनही पटत नाही. ‘इथं हवाच नाही’ असे वारंवार म्हणतात. वास्तवाचे भान कमी." आणि त्याखाली खोलीप्रमुख म्हणून सही शलाकाची. तिने तो शेरा तेव्हा वाचला होता. वाचताना तिला सासूबद्दल वाईटही वाटलं होतं.

शलाका उठली, खोलीबाहेर गेली, परत आली. मग तिने संगणकाला सगळ्या नापास नोंदींच्या शेऱ्यांत तीन शब्द शोधायला लावले: हवा, खिडकी, कोंदट. त्याने दोनशे चौदा नोंदी काढून दिल्या. "श्वास घेता येत नाही अशी निराधार तक्रार." "दार उघडे ठेवण्याची मागणी, बहुधा भीती." "खोली कोंदट असल्याचा भ्रम." दोनशे चौदा माणसांनी आपल्याला काय होतंय ते स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, आणि तिच्या खोलीने ते आजाराचं लक्षण म्हणून लिहून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती केंद्राच्या प्रमुखांकडे गेली. डॉक्टर आवटी हे साठीला टेकलेले, स्वभावाने सज्जन गृहस्थ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"शलाकाबाई, पुढचं आपण सुधारू. भिंत फोडून पंखा बसवू, उद्याच माणूस बोलावतो. पण मागचं उकरून काय करणार? मागची हवा काय बाटलीत भरून ठेवलीय?"

"भरून ठेवायची गरज नाही, सर. खोलीचं माप आहे. तपासणीची वेळ आहे. आत किती माणसं होती ते आहे. दार कधी उघडलं, कधी मिटलं ते दाराच्या इलेक्ट्रॉनिक कुलपातच नोंदलं जातं. एवढं दिलं की वायुलेखक मागच्या कुठल्याही दिवसाची हवा काढून देतो. मी काल काढली."

आवटींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या खोलीतून दोन हजार चारशे जण नापास झालेत. त्यातले निम्मे आज हयात नसतील. त्यांच्या पोरांना काय सांगणार आहात? तुमचा बाप शहाणा होता, आम्ही चुकून..."

"हो. तेच सांगायला लागेल."

"काहींची घरं मोडली, काही वृद्धाश्रमात गेले. त्या पोरांनी ते मन घट्ट करून केलंय, तुमच्या कागदावर विश्वास ठेवून. आता त्यांना म्हणायचं, उगाच केलंत?" त्यांनी चष्मा परत चढवला. "आणि फोमच्या कामावर सही तुमची आहे, बाई. मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

आवटींचं बोलणं साफ खोटं असतं तर शलाकाला सोपं गेलं असतं. ते खोटं नव्हतं. ती दोन दिवस गप्प राहिली. भ्याली होती, हे तिने पुढे चौकशी समितीसमोरही कबूल केलं. नोकरीची भीती होतीच, पण तिला खरी धास्ती होती ती घरची. सासूसमोर उभं राहून हे सांगायचं कसं?

मगदूमांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकत. अभिनंदन साखर कारखान्यात शेती अधिकारी होता, तोही शक्यतो तेवढ्यात यायचा. पद्मावतीबाई दोन वर्षांपासून त्यांच्याकडे राहत होत्या. त्या बदलल्या होत्या, आणि हा बदल घरात सगळ्यांनी आजाराच्या नावावर मांडून टाकला होता. चहा ओतून घेण्याआधी त्या "घेऊ का गं?" विचारायच्या. वार माहीत असला तरी विचारून खात्री करायच्या. काही सांगायला लागल्या की मध्येच थांबून म्हणायच्या, "तसं नसेलही. मला आता काय कळतंय." सकाळ-संध्याकाळ शलाका पेटीचं कुलूप काढून त्यांच्या तळहातावर गोळ्या ठेवायची. ज्या बाईने अर्ध्या गावाला गोळ्या समजावून दिल्या, ती नुसती तळहात पसरून उभी राहायची आणि कसली गोळी आहे हेही विचारायची नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर शलाकाने सांगितलं. काही लपवलं नाही. खोली, यंत्र, बापूसो खोत, सकाळची रिकामी वेळ, शेरा, खालची सही. अभिनंदन ताट तसंच ठेवून आईकडे बघत राहिला.

दुकानात विचारायच्या तशा कोरड्या आवाजात पद्मावतीबाईंनी विचारलं, "किती होतं?"

"काय, आई?"

"त्या दिवशी. हवेतलं प्रमाण."

"गणिताने काढलं तर तीन हजार आठशे."

"आणि बाहेर?"

"साडेचारशे."

"म्हणजे आठपटीच्या वर." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "म्हणजे मी खरं सांगत होते."

"हो, आई."

"दोन वर्षं मी स्वतःला समजावत होते शलाका, की हवा होती. हवा होती, मलाच ती कळली नाही. एवढी साधी गोष्ट ज्या बाईला कळत नाही, तिनं लोकांना औषधं देऊ नयेत हे बरोबरच आहे, असं म्हणून मी दुकानाच्या किल्ल्या तुमच्या हातात दिल्या. मला वाईटसुद्धा वाटू दिलं नाही मी."

"आई, झालं ते झालं," अभिनंदन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तू इथं सुखात आहेस ना? आम्ही काही कमी..."

"तू गप बस," पद्मावतीबाई म्हणाल्या. दोन वर्षांत हा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता. मग त्या सुनेकडे वळल्या. "बाकीच्यांना कळवलंस का?"

"अजून नाही. सर नको म्हणतायत."

"आणि तू काय म्हणतेयस?"

शलाका पुढ्यातली ताटं गोळा करायला लागली.

"माझ्याकडनं एकदा चुकीची बाटली गेली होती," पद्मावतीबाई म्हणाल्या. "अभी सहावीत होता. पोराच्या खोकल्याच्या औषधाऐवजी दुसरंच दिलं. संध्याकाळी रिकामं खोकं बघितलं तेव्हा ध्यानात आलं. मी दुकान उघडं टाकून त्यांच्या घरापर्यंत पळत गेले. त्यांनी अजून दिलं नव्हतं. दिलं असतं तरी मी गेलेच असते. लाज वाटते म्हणून दुकानात बसून राहता येत नाही गं."

शलाकाने दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज लिहिला. दोन हजार चारशे नावं, प्रत्येकापुढे तपासणीची वेळ, त्या वेळची हवा आणि मनघट. दोनशे चौदा शेरे जसेच्या तसे. शेवटी तिने लिहिलं की खोलीची रचना माझी, दुपारचं दार बंद ठेवण्याचा नियम माझा, आणि सुस्तीचं कारण मी शोधून न बघता लिहिलं. अर्ज तिने आवटींना दिला आणि एक प्रत थेट जिल्ह्याला पाठवली. आठवड्याच्या आत तिला निलंबनाचा कागद मिळाला. टाचण्यांची डबी तिने तिथेच ठेवली.

पुढचं सगळं सोपं झालं नाही. राज्यातल्या इतर केंद्रांतूनही तशीच गणितं बाहेर आली आणि फेरतपासणीचा हुकूम निघाला. त्यात कुणाचे आईबाप परत घरी आले. कुणाची मुलं शलाकाच्या दारात येऊन वाटेल ते बोलून गेली, आणि तिने ते उभ्याने ऐकून घेतलं. एक मध्यमवयीन गृहस्थ आले. त्यांनी वडिलांचा फोटो दाखवला आणि "वारले गेल्या दिवाळीत" एवढं म्हणून निघून गेले. त्या दिवशी ती जेवली नाही. काही माणसं फेरतपासणीतही नापासच झाली, कारण ती खरोखरच आजारी होती. हेही आधीच ठाऊक असायला हवं होतं की सगळाच दोष हवेचा नसणार.

पद्मावतीबाईंची फेरतपासणी एका शाळेच्या व्हरांड्यात झाली. तपासणारी मुलगी पुण्याहून आली होती, मिरजेतल्या कुणालाच ओळखत नव्हती. नातेवाइकांना पन्नास पावलं लांब बसवलं होतं. शलाका फाटकाजवळच्या पायरीवर बसली. गुण आले चोवीस.

पास. पण अठ्ठावीसचे चोवीस झाले होते. मधले चार गुण वयाने नेले, की दोन वर्षं काहीच विचारायचं नाही, काहीच ठरवायचं नाही अशा जगण्याने नेले, हे सांगणारं यंत्र अजून निघालं नव्हतं. शलाकाने तपासणाऱ्या मुलीला विचारलं तेव्हा तीही म्हणाली, "सांगता येणार नाही, मॅडम." पद्मावतीबाईंनी मात्र आकडा दोनदा वाचला, दाखल्याची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"दुकानाचा परवाना परत मिळवायला अर्ज करूया, आई," रिक्षात शलाका म्हणाली. "मी बघते सगळं."

"परवाना आता नको. चोवीस म्हणजे चोवीस. औषधाच्या दुकानात मला अठ्ठावीसच पाहिजेत," पद्मावतीबाई म्हणाल्या. "पण वरच्या खोल्या मी झाडून घेणार आहे. सोमवारपासून मी तिथं राहीन."

अभिनंदनने दोन दिवस आकांडतांडव केलं. एकटी कशी राहशील, जिना चढवतो का, लोक काय म्हणतील. पद्मावतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पातळं एका बॅगेत भरली. शलाका मध्ये बोलली नाही. सासूने राहावं असं तिला फार वाटत होतं. इतकी वर्षं नव्हतं वाटलं तेवढं त्या दोन दिवसांत वाटलं. पण ज्या बाईचा ठरवायचा हक्क तिने काढून घेतला होता, त्या बाईने दोन वर्षांत पहिल्यांदा काही ठरवलं होतं, आणि त्यावर बोलायला आपल्याला तोंड नाही हे तिला कळत होतं.

सोमवारी ती बॅग घेऊन बरोबर गेली. खालच्या गाळ्यात आता चष्म्याचं दुकान झालं होतं. वरच्या दोन्ही खोल्यांत दोन वर्षांची धूळ. दोघींनी मिळून झाडलोट केली, भांडी घासली, गादी गच्चीवर उन्हात टाकली. दुपारपर्यंत खोल्या राहण्याजोग्या झाल्या. पद्मावतीबाईंनी स्टोव्ह पेटवून चहा ठेवला, न विचारता दोन कपांत ओतला आणि एक सुनेपुढे सरकवला.

"आई, तुमचा माझ्यावर राग आहे का?"

"आहे," पद्मावतीबाई म्हणाल्या. "नाही कशाला म्हणू? दोन वर्षं गेली माझी. ह्या वयात दोन वर्षं म्हणजे काय, ते तुला आत्ता कळायचं नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण तू पळत आलीस. उशिरा आलीस, तरी आलीस. म्हणून तुला चहा दिला."

शलाकाने डोळे पुसले. कप विसळून तिने पालथा घातला आणि चपला घातल्या.

"उद्या येते मी. गोळ्यांचं... म्हणजे भाजीबिजी काय लागेल ते बघायला."

"ये की," पद्मावतीबाई दारापर्यंत येत म्हणाल्या. "पण येताना आधी फोन कर. मी घरात असेनच असं नाही."